शेवटच्या दिवशीचा शोकप्रस्ताव

आमदार बाळाजीराव कडव पावसाळी अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी वारले.

हे वाक्य कामकाजातून काढून टाकण्यात आलं आहे. तसं काही घडलंच नाही. घडलं ते असं.

अधिवेशनाचा शेवटचा दिवस म्हणजे पंगत उठायची वेळ. मंत्री आपापल्या गाड्यांकडे बघत असतात, आमदार मंत्र्यांकडे बघत असतात आणि उरलेल्या कामकाजाकडे कुणीच बघत नसतं. लक्षवेधी सूचना पुकारायची, मंत्र्यांचं उत्तर पटलावर ठेवलं असं मानायचं, सदस्याचं समाधान झालं असंही मानायचं आणि पुढची पुकारायची. बाळाजीरावांची लक्षवेधी या ढिगाच्या तळाशी होती.

मागणी एवढीशीच होती. सोनिवलीच्या पलीकडे टेकडीखाली एक वाडी आहे. तिथल्या स्मशानाला शेड हवी होती, म्हणजे चार खांब आणि वर पत्रे. पावसाळ्यात वाडीत कुणी गेलं की चौघांनी ताडपत्री धरून उभं राहायचं, असा रिवाज होता. ताडपत्री जळायची, प्रेत मात्र अर्धवट राहायचं. वाडीतली बनूबाई बाळाजीरावांना दर प्रचारफेरीत अडवून सांगायची, "शेड झाल्याबिगर मी मरायची नाय." म्हातारी शब्दाची पक्की निघाली. तिच्यानंतर जन्मलेले कितीतरी जण ताडपत्रीखाली गेले, ती अजून होतीच. अलीकडे ती फार थकली होती. अडवायची, पण बसून.

त्या दिवशी अध्यक्षांच्या खुर्चीत एक नवखे सदस्य तात्पुरते बसले होते. ते भराभर वाचत सुटले होते. 'श्री. बाळाजी कडव' आणि त्याखाली 'स्मशानभूमी' एवढंच दिसल्यावर त्यांनी वेग कमी केला, आवाज जड केला आणि दिवंगत सदस्याला आदरांजली वाहण्यासाठी सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं असं सांगितलं.

सगळे उभे राहिले. आधी उभं राहायचं आणि नाव नंतर विचारायचं, अशी तिथली पद्धत आहे. फोनमध्ये डोकं घातलेले बाळाजीरावही उठले आणि त्यांनी मान खाली घातली. सभागृह एवढं शांत त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. वरून एसीचा गार झोत नेमका त्यांच्याच मानेवर येत होता.

"वाईट झालं," शेजारचे सदस्य ओठ न हलवता म्हणाले. "चांगला माणूस होता."

"कोण गेलं?"

"नाव नाही ऐकलं. पण चांगलाच असणार. दोन मिनिटं दिलीत."

बाळाजीरावांना अगदी मनापासून वाईट वाटलं.

मग राष्ट्रगीत झालं आणि अधिवेशन संस्थगित झालं. बाहेर पडताना आपोआप उघडणारं काचेचं दार बाळाजीरावांसमोर उघडलं नाही. ते मागे सरून पुन्हा पुढे आले, तरी नाही. मागून चहाचा ट्रे घेऊन एक शिपाई आला तेव्हा उघडलं. आवारात त्यांचा पीए अल्पेश गाडीच्या बॉनेटवर डोकं ठेवून रडत होता.

"भाऊ, तुम्ही?"

"मग कोण?"

"टीव्हीवर पट्टी फिरतेय भाऊ. तुम्ही गेलात."

"अरे, मी समोर उभा आहे ना?"

"हो, दिसताय," अल्पेश डोळे पुसत म्हणाला. "पण एकमतानं मंजूर झालंय."

सचिवालयातल्या एका साहेबांना फोन लावला. साहेब सज्जन होते. चूक झाली असेल, असू शकते, असं त्यांनी मान्य केलं. पण सभागृहात झालेली चूक सभागृहातच दुरुस्त होते आणि सभागृह आता थेट हिवाळ्यात भरणार होतं.

"तोवर मी काय करू?" बाळाजीरावांनी विचारलं.

"हिवाळी अधिवेशनात औचित्याचा मुद्दा मांडा."

"मांडतो."

"तुम्हाला नाही मांडता येणार," साहेब हळुवारपणे म्हणाले. "दिवंगत सदस्याला बोलायची परवानगी नसते. दुसऱ्या कुणाकडून मांडून घ्या."

मतदारसंघात, कुळगावच्या चौकात फ्लेक्स लागला होता. त्यावर बाळाजीरावांचा फोटो होता आणि खाली शोकाकुलांचे त्याहून मोठे फोटो होते. सगळ्यात मोठा सनी घोडेकरचा होता. हा त्यांचाच कार्यकर्ता, पोटनिवडणुकीसाठी चार तासांत तयार झालेला. फ्लेक्सखालचं कुत्रं एरवी त्यांच्या गाडीमागे नाक्यापर्यंत धावायचं. आज त्यानं मान उचलली, बाळाजीरावांच्या आरपार पाहिलं आणि मान पुन्हा ठेवून दिली.

घरी हॉलभर माणसं बसली होती. बाळाजीराव आत आले, तेव्हा कुणी दचकलं नाही. दोन-चार जणांनी पाय आखडून वाट दिली, एवढंच. "असतो म्हणतात दहा दिवस घरातच," कोपऱ्यातून कुणीतरी पुटपुटलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्याच हॉलमध्ये त्यांच्याकडे कुणी नळाचं कनेक्शन मागितलं नाही.

स्वयंपाकघरात अंजनीवहिनींनी नवऱ्याचा हात हातात घेऊन बराच वेळ दाबून पाहिला.

"गरम आहे," त्या म्हणाल्या.

"मग?"

"मग काय? बातम्यांत तर तसंच सांगतायत. मी बाहेर जाऊन काय सांगू, आमचे हे जिवंत आहेत? म्हणतील, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला."

चहा मिळाला नाही. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही. शेजारच्या रिद्धीच्या आईनं पिठलं-भाकरी पाठवली होती. स्वतःच्या सुतकाचं पिठलं बाळाजीरावांनी भिंतीकडे तोंड करून खाल्लं. हात धुताना त्यांनी आरशात पाहिलं. दिसत होते, पण नेहमीपेक्षा जरा कमी.

पक्षानं दहावा जाहीर घ्यायचं ठरवलं. मंडप, माईक, खुर्च्या, सगळं आलं. देहाबद्दल कुणी विचारलं नाही, कार्यक्रमपत्रिकेत तो विषयच नव्हता. दहाव्या दिवशी उल्हास नदीच्या काठावर एवढी गर्दी जमली की बाळाजीरावांना स्वतःलाच मागच्या चिंचेखाली उभं राहावं लागलं. भाषणं झाली. शेडच्या मागणीवर ज्या मंत्रिमहोदयांनी दर अधिवेशनात 'तपासून घेण्यात येईल' असं उत्तर दिलं होतं, ते माईकवर दोनदा रडले.

मग पिंड मांडला. कावळे आले, झाडावर बसले आणि बसूनच राहिले.

ऊन चढलं. कावळा शिवल्याशिवाय कुणाला उठता येईना. भटजी म्हणाले की गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली आहे. वहिनींनी हात जोडून सांगितलं की पोरांचं शिक्षण पूर्ण करू. कावळे ढिम्म. सनी पुढे होऊन म्हणाला, "भाऊंचं अपुरं कार्य मी पूर्ण करीन." तेव्हा जवळचा एक कावळा उलट वरच्या फांदीवर गेला. गर्दीत कुजबुज सुरू झाली. चिंचेखाली बाळाजीरावांच्या अंगावर काटा आला, कारण आपली इच्छा काय राहिली आहे, हे त्या गर्दीत फक्त त्यांनाच माहीत होतं.

फक्त त्यांनाच नव्हतं. काठी टेकत बनूबाई पुढे आली आणि मंत्र्यांसमोर उभी राहिली.

"शेड सांगा त्याला," ती म्हणाली. "आमच्या मसनवट्याची."

मंत्र्यांनी घड्याळाकडे पाहिलं, कॅमेऱ्यांकडे पाहिलं, मग झाडाकडे पाहून हात जोडले. "कडवसाहेब, शेड मंजूर. तुमच्या स्मृतिनिधीतून. शब्द देतो."

कावळा सरळ खाली आला आणि पिंडाला शिवला.

मंत्र्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. सभागृहात दिलेलं आश्वासन ते कधीही विसरू शकत होते, पण कावळ्याला दिलेला शब्द सगळ्या तालुक्यानं पाहिला होता. आठवड्यात आदेश निघाला: 'स्वर्गीय बाळाजी कडव स्मृती स्मशान शेड.'

त्या दिवशी गर्दी पांगल्यावर बनूबाई चिंचेखाली आली होती. तिनं काठीचं टोक बाळाजीरावांच्या पोटाला लावून पाहिलं.

"मेला नाय ना रं तू?"

"नाय, आजी."

"वाटलंच मला." ती खाली बसली. तिला धाप लागली होती. "मंग आता गप ऱ्हा. पत्रं चढंपर्यंत तसाच मरून ऱ्हा. मला लय दिस थांबाया जमायचं नाय."

बाळाजीराव गप्प राहिले. अंबरनाथ पश्चिमेला मेहुण्याच्या रिकाम्या फ्लॅटवर राहायला गेले. खाली वॉचमन नमस्कार करायचा, पण नाव विचारायचा नाही. दिवाळीपर्यंत चारही खांब उभे राहिले. पत्रे येणार, येणार असं ठेकेदार सांगत होता. आणि नेमका तेव्हाच सचिवालयातल्या त्या सज्जन साहेबांचा आनंदानं फोन आला. चुकीची दखल घेतली गेली होती. हिवाळी अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी सदस्य हयात असल्याचं सभागृहात जाहीर होणार होतं.

"आणि शेड?" बाळाजीरावांनी विचारलं.

"स्मृतिनिधी हयात सदस्याच्या नावे खर्च करता येत नाही," साहेब म्हणाले. "काम आहे तिथे थांबेल. पण तुम्ही जिवंत व्हाल ना."

वाडीवरून अल्पेशचा निरोप आला होता, म्हातारीनं जेवण सोडलंय आणि रोज खांबांकडे बघत पडून असते. बाळाजीरावांनी लेटरहेड काढलं, आपल्या नावाआधी स्वतःच्या हातानं 'कै.' लिहिलं आणि खाली मजकूर लिहिला:

'मा. अध्यक्ष महोदय, उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, निम्नस्वाक्षरीकार सदस्याचे निधन सभागृहाने एकमताने मंजूर केलेले असून त्याबाबत सदस्याची कोणतीही तक्रार नाही. तथापि मौजे वाडी येथील शेडचे पत्रे अद्याप बसलेले नाहीत. सबब, सदर निधनास पत्रे बसेपर्यंत मुदतवाढ मिळावी, ही विनंती.'