आपापल्या दारातून

एका जंगलात एक डोंगर होता. जंगलाचे नाव विचारू नका. भूगोलाचा तास नंतर आहे. डोंगराच्या माथ्यावर बारमाही झरा होता आणि पायथ्याशी ओढा होता. ओढा मात्र होळीपर्यंतच ओढा असे. त्यानंतर त्यात केवळ गोटे उरत.

मुलांनो, आता नीट लक्ष द्या. जे माथ्यावर राहत, ते तहान लागली की मान खाली घालून पाणी पीत. जे पायथ्याशी राहत, ते तहान लागण्यापूर्वीच घरून निघत. कारण वर पोहोचेपर्यंत ती लागतच असे. पाणी पिण्यास कोणालाही मनाई नव्हती. जंगल न्यायी होते. पाणी पिऊन झाले की सूर्यास्तापूर्वी खाली परतावे, एवढेच बंधन होते. झऱ्याकाठी घर करण्याचा मान फक्त वार्षिक शर्यत जिंकणाऱ्या घराण्याला मिळे.

शर्यतीचा नियमही एकच होता. सर्वांनी आपापल्या दारातून निघावे. जो झऱ्याचे पाणी प्रथम पिईल, तो जिंकला.

पायथ्याशी भिंगरी नावाची मुंगसाची मुलगी आपल्या आईसह राहत होती. तरुणपणी एका नागाशी झालेल्या वादात आईचा मागचा पाय अधू झाला होता. (नागाचे काय झाले, हे विचारू नका. तो या गोष्टीत नाही.) आईला चढ चढवत नसे. म्हणून उन्हाळ्यात भिंगरी झऱ्याचे पाणी गालांत धरून खाली आणी. त्यातले अर्धे वाटेतच गिळले जाई. उरलेले आई पिई आणि म्हणे, "भागली गं बाई माझी तहान."

हे खरे नव्हते, आणि ते दोघींनाही ठाऊक होते. शर्यत जिंकायची आणि आईला झऱ्याकाठी न्यायचे, एवढा एकच ध्यास भिंगरीने घेतला होता.

माथ्यावर खवलेमांजरांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते. त्या घराण्याचे सध्याचे कर्ते म्हणजे गोजिराव. त्यांच्याकडे पाहुणे आले की मुंग्यांचा फराळ होई आणि आजोबांची गोष्ट होई.

"आमचे आजोबा पायथ्याहून निघाले," गोजिराव सांगत, "तेव्हा त्यांच्या अंगावर धड वस्त्रही नव्हतं!"

जंगलात कोणाच्याच अंगावर वस्त्र नसते. तरीही पाहुण्यांचे डोळे पाणावत.

खरी हकीकत अशी होती. त्या वर्षी शर्यतीच्या सकाळी आजोबांना अस्वल दिसले. आजोबांनी घाबरून अंगाची गुंडाळी केली. अस्वलाला तो फणस वाटला. त्याने तो काखेत मारला आणि निवांत खाण्यासाठी माथ्यावर नेला. फणस काही केल्या फुटेना. कंटाळून अस्वलाने तो झऱ्यात भिरकावला. आजोबांच्या नाकातोंडात पाणी गेले, आणि त्या दिवशी झऱ्याचे पाणी प्रथम तेच प्यायले. तेव्हापासून त्या घराण्यात 'जिद्द' हा शब्द फार आदराने उच्चारला जाई.

शर्यतीचा दिवस उजाडला. करकोचेपंत पंच होते. ते एका पायावर उभे राहत. त्यामुळे ते निःपक्षपाती आहेत, असा सर्वांचा समज होता. त्यांनी चोचीने टाळी वाजवली.

भिंगरी वाऱ्यासारखी सुटली. करवंदीच्या जाळ्या, घसरडे कातळ, काटेकुटे, काही म्हणजे काही तिने पाहिले नाही.

इकडे गोजिरावांनी डोळे उघडले. खवलेमांजराची जीभ लांब असते. त्यांना उठावेही लागले नाही.

भिंगरी धापा टाकत पोहोचली, तेव्हा गोजिरावांचे भाषण चालू होते.

"यशाला जवळची वाट नसते, मित्रहो. आज माझी जीभ किती ताणली गेली, ते माझं मलाच ठाऊक! खालची मंडळी म्हणतात, आम्हांला पाणी नाही. मी म्हणतो, उठा! धावा! ही पोरगी बघा, कशी घामाघूम झाली आहे. अशीच धावत राहा हो, बाळ."

भिंगरी तडक करकोचेपंतांकडे गेली.

"पंत, हे झऱ्यातच झोपतात! ही काय शर्यत झाली?"

"ते आपल्या दारातून निघाले. तूही आपल्या दारातून निघालीस. नियम दोघांना सारखाच."

"मग मला वर राहायला येऊ द्या. पुढच्या वर्षी मीही इथल्या दारातून निघेन."

"अवश्य ये," पंत म्हणाले. "त्यासाठी फक्त शर्यत जिंकावी लागते."

भिंगरी गालांत पाणी धरून खाली आली. रागाने दातओठ खाल्ल्यामुळे त्या दिवशी अर्धेही पाणी उरले नाही.

शेजारच्या बिळात भुरेतात्या नावाचे वयस्कर उंदीर राहत. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि मिशा चोळल्या.

"पोरी, नियमात 'दार' म्हटलं आहे. दार खालीच असावं, असं कुठं म्हटलं आहे? मुंगसासारखी मुंगूस तू! खण की!"

"तात्या! एवढा डोंगर?"

"तू खण. माती आम्ही काढतो. मात्र वर गेलीस की आम्हांलाही याच वाटेनं वर घे. एवढा शब्द दे."

"दिला, तात्या. आईची शपथ!"

पुढचे वर्षभर भिंगरीने बीळ खणले. तिची नखे झिजली. भुरेतात्यांच्या साऱ्या कुटुंबाने पाठीवरून माती वाहिली. त्यांच्या पाठीचे केस गेले ते गेलेच. अखेर झऱ्याकाठच्या जांभळीमागे बिळाचे दुसरे तोंड उघडले.

पुन्हा शर्यतीचा दिवस आला. करकोचेपंतांनी चोच वाजवली. गोजिरावांनी जांभई दिली. ती जांभई मिटण्याच्या आत जांभळीमागून भिंगरी बाहेर पडली आणि तिने पाण्यात तोंड बुडवले.

"फसवणूक!" गोजिराव ओरडले. "हे मागचं दार आहे! अशानं मेहनतीला काही किंमतच उरणार नाही!"

"दार तिचेच आहे," पंत म्हणाले. त्यांनी विचार करण्यासाठी पाय बदलला. जंगलाच्या इतिहासात हे प्रथमच घडत होते. "भिंगरी जिंकली."

हरलेल्याने माथा सोडावा, असा नियम आहे का, ते शोधून पाहण्यात आले. पण तसा नियम कोणी केलेलाच नव्हता. तशी वेळच कधी आली नव्हती. म्हणून गोजिराव तेथेच राहिले आणि शेजारीण आली म्हणून मुंग्या घेऊन भेटीस आले. बोलता बोलता ते भिंगरीला "आपल्यासारखे लोक" म्हणाले. भिंगरीला ते ऐकून बरे वाटले.

संध्याकाळी आई बिळाच्या वळणावळणाच्या, कमी चढाच्या वाटेने हळूहळू वर आली. तिने पाण्याला तोंड लावले ते उचललेच नाही. ती पोटभर प्यायली, थांबली, आणि पुन्हा प्यायली. मग म्हणाली, "भागली गं बाई माझी तहान."

या वेळी ते खरे होते.

"आता तात्यांना हाक मार," आई म्हणाली. "बिचारे खाली ताटकळत असतील."

भिंगरीने झऱ्याकडे पाहिले. मग बिळाच्या तोंडाकडे पाहिले. भुरेतात्यांचे कुटुंब फार मोठे होते.

"आई, या बिळातून गार वारा येतो. तुझ्या पायाला बाधेल."

"वारा? मला तर नाही लागत."

"लागेल, आई."

आणि भिंगरीने बीळ बुजवले.

थोड्या वेळाने आतून दबका आवाज आला. "पोरी! अगं, वाट बुजली आहे! दरड कोसळली की काय? तुम्ही दोघी बऱ्या आहात ना?"

"बऱ्या आहोत, तात्या!" भिंगरी मातीला तोंड लावून म्हणाली. "तुम्ही शर्यतीला या. आपल्या दारातून निघा. नियम सर्वांना सारखाच आहे."

आतून पुन्हा तात्यांचा आवाज आला.

"आणि दिलेला शब्द?"

भिंगरीने आणखी दोन दगड लावले.

पुढे भिंगरीला मुले झाली, नातवंडे झाली. ती पाहुण्यांना सांगत, "आमच्या आजीनं नखं झिजवली, तेव्हा आम्ही इथं आहोत!" हे अक्षरशः खरे होते. माती कोणी वाहिली, हे पाहुणे विचारत नसत. पाहुणे सुसंस्कृत होते. दर वर्षी भिंगरी पायथ्याच्या पिल्लांपुढे व्याख्यान देण्यास जाई. विषय एकच असे: 'जिद्द'. अध्यक्षस्थानी गोजिराव असत.

भिंगरीच्या आईला मात्र म्हातारपणी एक खोड लागली. पाणी प्यायल्यावर ती थोडे गालांत धरी, लंगडत जांभळीमागे जाई आणि बुजलेल्या तोंडाशी बसून राही. पलीकडून काही ऐकू आले नाही, की ते पाणी निमूट गिळून टाकी.

तात्पर्य : मुलांनो, परिश्रम करा. परिश्रमांनीच प्राणी वर जातो. वर गेल्यानंतरही आळस करू नका. मागची वाट बुजवण्यासही परिश्रमच लागतात.