तळघरातली पावडर

स्प्रिंग उडाली ती ऑरिनने पाहिली नाही, नुसती ऐकली. ‘टिंग’. मग दिव्याच्या पत्र्यावर ‘टक’. मग काहीच नाही. तळघर इतकं गप्प झालं की वर स्वयंपाकघरात त्याची बायको लव्हॉन अंडी फोडत होती तेही त्याला ऐकू येऊ लागलं.

ऑरिनच्या एका हातात रायफलीचा मागचा भाग होता, दुसऱ्या हातात पाना. तोंड उघडं होतं. ते मिटायला बराच वेळ लागला, कारण रायफल त्याची नव्हती. सासूची होती.

आर्डिसबाईंची ही अर्धस्वयंचलित रायफल त्यांचे यजमान सेल्मर यांनी स्वतः जुळवलेली. नळी एकीकडून, चाप दुसरीकडून, असे एकेक भाग मागवून दोन हिवाळे खपून त्यांनी ती उभी केली, आणि पुढच्याच वर्षी देवाघरी गेले. तेव्हापासून गावच्या क्लबातली शरद ऋतूतली नेमबाजी दरवर्षी आर्डिसबाई जिंकत आणि बक्षिसाचा हॅम, म्हणजे खारवलेली डुकराची अख्खी मांडी, घरी नेत. दुसरा नंबर ऑरिनचा. दुसऱ्या नंबराला हॅम नसतो, हस्तांदोलन असतं.

गेल्या वर्षापासून मात्र बाईंचा खांदा दुखत होता. रायफलीचा खांद्याला टेकवायचा दस्ता सेल्मरच्या लांब हातांच्या मापाचा, आणि बाई ठेंगण्या. सामन्याच्या आदल्या दिवशी त्या रायफल ऑरिनकडे सोडून गेल्या आणि दारातून वळून म्हणाल्या, “फक्त तेल घाल. बाकी हात लावू नकोस. संध्याकाळच्या जेवणाआधी न्यायला येते.”

हात लावू नकोस म्हटल्यावर हात लावावासा न वाटणारा माणूस मोंटानात अजून जन्माला यायचा आहे. ऑरिनने गुपचूप एक आखूड, मऊ गादीचा दस्ता मागवून ठेवला होता. तेल घालता घालता तो बसवून द्यायचा, सासूबाई चकित होतील, आपली वाहवा होईल, असा त्याचा बेत. त्याने जुना दस्ता फिरवून काढला, आणि त्याच्यामागे दडपून बसलेली ती तांदळाच्या दाण्याहून जराशी लांब स्प्रिंग संधी साधून पळाली. रायफलीचे दोन भाग ज्या खिळीने एकत्र राहतात, त्या खिळीला जागेवर धरणारी ती स्प्रिंग. ती नाही तर खिळी सैल, आणि खिळी सैल तर सासू गरम.

सुट्या भागांचा खण त्याने जमिनीवर उपडा केला. त्यात जगातली प्रत्येक स्प्रिंग होती, तेवढी एक सोडून. दुकान बिलिंग्जला, म्हणजे जाऊन येऊन अख्खा दिवस. तो गुडघ्यांवर आला. टेबलाखाली शोधलं, बुटांत शोधलं, शर्टाचा खिसा उलटा केला. मग उठताना त्याची नजर टेबलावर गेली आणि तो अर्धवट वाकलेलाच राहिला.

टेबलावर उद्यासाठीच्या पितळी पुंगळ्या पाटीत उभ्या होत्या. काडतुसं तो घरीच भरत असे, स्वतःची आणि सासूबाईंचीही. आज पुंगळ्यांत बंदुकीची दारू भरून झाली होती, वर गोळ्या बसवायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. म्हणजे सगळ्यांची तोंडं आ वासून उघडी. आणि स्प्रिंग नेमकी त्यांच्याच डोक्यावरच्या दिव्याला आपटली होती.

त्याला उद्याचं दृश्य दिसलं. आर्डिसबाई नेम धरतात, चाप ओढतात, आणि… पुढचं त्याने पाहिलंच नाही. सगळ्या पुंगळ्या रिकाम्या करून दारू चाळून बघणं भाग होतं. चाळायचं म्हणजे चाळणी पाहिजे.

लव्हॉन भट्टीत वाकलेली असताना तो वर गेला आणि चाळणी शर्टाखाली घालून खाली आला.

चर्चच्या बायका दरवर्षी सामन्याच्या ठिकाणी खाण्याचं टेबल लावत. लिंबाच्या वड्या लव्हॉनकडे. वड्यांवर पिठीसाखर चाळून घालायची वेळ आली आणि चाळणी नाही.

“ऑरिन!” ती जिन्यावरून ओरडली. “माझी चाळणी पाहिलीस?”

“नाही!”

“मग ती तुझ्या हातात काय आहे?”

ऑरिनने हाताकडे असं पाहिलं, जणू तो हात शेजाऱ्याचा आहे. “ही होय. ही… मी पावडर चाळतोय.” काडतुसांच्या दारूला त्या घरात पावडरच म्हणत.

“माझ्या पिठाच्या चाळणीने?”

“हळू बोल. आणि हे बघ, आई आल्या तर त्यांना काही सांगू नकोस. त्यांना कळलं तर मेलो मी.”

लव्हॉनने त्याच्याकडे पाहिलं, चाळणीकडे पाहिलं, आणि एक शब्दही न बोलता वर गेली. तिचं न बोलणं हे बोलण्यापेक्षा लांब असे.

तेवढ्यात चर्चच्या नव्या पास्टरसाहेबांचा फोन आला. टोबायस नावाचा हा तरुण पास्टर शिकागोहून येऊन जेमतेम स्थिरावत होता. वड्या न्यायला कधी येऊ, एवढंच त्याला विचारायचं होतं.

“वड्यांना उशीर होईल, पास्टर,” लव्हॉन वैतागून म्हणाली. “ऑरिन खाली तळघरात पावडर घेऊन बसलाय. तो वजनाचा छोटा काटा काढलाय, मोजतोय काय, चाळतोय काय, घामाघूम झालाय. आणि वर मलाच म्हणतो, आईला कळू देऊ नकोस!”

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग पास्टर हलक्या आवाजात म्हणाला, “लव्हॉन, तुम्ही धीर सोडू नका. मी आत्ता येतो.”

“वड्या अजून—”

“वड्यांचं राहू द्या.”

वड्यांचं राहू द्या म्हणणारा पास्टर लव्हॉनने आयुष्यात प्रथमच ऐकला.

तो आला तेव्हा ऑरिन जमिनीवर पालथा पडून कपाटाखाली विजेरी मारत होता. डोळे लाल, केसांत जळमटं. टेबलावर छोटा काटा, शेजारी वाडग्यात करड्या रंगाची पूड. पास्टरने एक स्टूल ओढलं आणि त्याच्याजवळ बसला.

“ऑरिन, मी तुम्हाला दोष द्यायला आलेलो नाही.”

“म्हणजे तुम्हालाही कळलं?” ऑरिन उठून बसला. “काय बाई आहे ही! गावभर केलं वाटतं?”

“लपवण्याने दुःख वाढतं. किती वर्षं झाली हे चालू होऊन?”

“हे? लग्नानंतर लगेचच. आधी सगळ्यांसारखा तयार विकत आणायचो. मग घरीच बनवायला लागलो. स्वस्त पडतं आणि मालाची खात्री असते.”

पास्टरने घाम पुसला. “आणि… एकटेच घेता?”

“एकटा कुठला! सासूबाईंसाठी पण मीच बनवतो.”

“आर्डिसबाई?”

“त्यांनीच तर मला नादाला लावलं. त्या आणि सासरे. ह्या घराण्यात पाऊल टाकलं त्या पहिल्याच ख्रिसमसला मला त्यांच्या तळघरात नेऊन शिकवलं दोघांनी.”

रविवारी पहिल्या बाकावर बसून वरच्या पट्टीत भजनं म्हणणाऱ्या आर्डिसबाई पास्टरच्या डोळ्यांसमोर आल्या. त्याने डोळे मिटले. “अजून कोणाकोणाला ठाऊक आहे?”

“सगळ्यांना. शेरीफला पण मीच देतो की. उद्या येईल ना तो, पाचवा-सहावा असतो दरवेळी.”

पास्टरचा चेहरा वाडग्यातल्या पुडीच्या रंगाचा झाला. त्याने खिशातून एक पुस्तिका काढून ऑरिनच्या मांडीवर ठेवली. वर लिहिलं होतं, ‘व्यसनातून सुटका: पहिलं पाऊल’.

ऑरिनने ती सरळ धरून वाचली, उलटी करून पाहिली. “पास्टर, ह्यात स्प्रिंगबद्दल आहे का काही?”

“कसली स्प्रिंग?”

“मग तुम्ही कशाबद्दल बोलताय?”

“तुम्ही कशाबद्दल बोलताय?”

 शेवटी ऑरिनने एक रिकामी पुंगळी आणि एक गोळी उचलून त्याच्या तळहातावर ठेवली. पास्टरला कळायला थोडा वेळ लागला, पण कळलं तेव्हा तो कानापर्यंत लाल झाला आणि मग इतका हसला की त्याला भिंत धरावी लागली. हसून झाल्यावर त्याने कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि तोही जमिनीवर पालथा पडला.

त्याची बोटं लांब आणि बारीक होती. टेबलाच्या पायाशी, फरशीच्या फटीतून त्याने काहीतरी ओढून काढलं. “ही का?”

ऑरिनने ती उजेडात धरली. “छे! ही तर कसल्यातरी पेनातली आहे. तोडलेली, बघा ना, टोक पण वाकडं आहे.” आणि त्याने ती कचऱ्याच्या डब्यात टाकली. पास्टर पुन्हा कपाटाखाली शिरला.

इतक्यात जिन्यावर पावलं वाजली. एकेका पायरीवर थांबत, कठड्याला धरून येणारी.

“पास्टर,” आर्डिसबाई म्हणाल्या, “तुम्ही माझ्या जावयाच्या कपाटाखाली काय करताय?”

ऑरिन रायफलीसमोर उभा राहिला. पण रायफल लांब आणि ऑरिन अरुंद. दोन्ही बाजूंनी ती दिसतच होती.

“मी तेल घालायला सांगितलं होतं.”

“घातलं, आई.”

“तेल घातल्यावर तिचे दोन तुकडे होतात हे मला माहीत नव्हतं.”

मग ऑरिनने सगळं सांगून टाकलं. दस्ता, खांदा, स्प्रिंग, चाळणी. बाई ऐकत होत्या. सांगून संपल्यावर त्या म्हणाल्या, “ती स्प्रिंग तुला सापडायची नाही. सेल्मरला पण नाही सापडली. रायफल जुळवताना त्याच्याही हातून अशीच उडाली. आठवडाभर शोधली त्याने, बायबलमध्ये सापडणार नाहीत अशा शब्दांत बोलला, आणि मग माझं पेन मोडून त्यातली स्प्रिंग तोडून बसवली. त्या दिवसापासून तीच आहे आत.”

पास्टर कपाटाखालून बाहेर आला, कचऱ्याच्या डब्याकडे गेला आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

स्प्रिंग बसली. खिळी बसली. जुना दस्ता चढवायला ऑरिन वाकला तर बाई म्हणाल्या, “थांब. तो नवा दाखव.” त्याने मुकाट्याने नवा दस्ता चढवला. बाईंनी रायफल खांद्याला लावली, गाल टेकवला, भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर नेम धरला. मग खाली घेतली. पुन्हा लावली. वरून लव्हॉन पिठाच्या हाताने जिन्यात येऊन उभी राहिली होती.

“दुखत नाही,” बाई हळूच म्हणाल्या.

“सांगत होतो ना, आई!”

“अरे, मी आज न्यायला नव्हते आले. सांगायला आले होते. खांद्यापायी ह्या वर्षापासून सोडायचं ठरवलं होतं मी. म्हटलं, रायफल आता ऑरिनलाच देऊन टाकावी, सेल्मरलाही आवडलं असतं. उद्या त्याने तिच्यावरच खेळावं.” त्यांनी दस्त्यावरून हात फिरवला. “आता कशाला सोडू? आता तर मी शंभरीपर्यंत खेळेन.”

ऑरिनने तोंड उघडलं. सेल्मर वारले त्या दिवसापासून त्या रायफलीवर त्याचा डोळा होता, हे तळघरात उभ्या असलेल्या सगळ्यांना, एकटा पास्टर सोडून, ठाऊक होतं. आपण आनंद मानावा की दुःख, हे त्याला ठरवता येईना. “वा,” तो म्हणाला. 

लव्हॉन ॲप्रनमध्ये तोंड लपवून वर पळाली. चाळणी तिने नेली नाही. त्या वर्षी वड्यांवर साखर नव्हती.

पिठाच्या चाळणीतून गेलेली दारू बाजूला ठेवून ऑरिनने नव्या डब्यातली दारू घेतली आणि पुंगळ्या पुन्हा भरल्या. सासूबाईंच्या आधी भरल्या. चांगल्या भरल्या. त्याला तसं करायला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आर्डिसबाईंनी असा नेम धरला की लक्ष्याचा कागद बघायला शेरीफ स्वतः चालत गेला आणि टोपी काढून परत आला. दुसरा नंबर ऑरिनचा. हस्तांदोलन झालं.

त्यानंतर मात्र एक नवीनच गोष्ट घडली. हॅम काखेत मारून बाई सगळ्यांना नवा दस्ता दाखवत होत्या, आणि थोड्याच वेळात ऑरिनभोवती गर्दी जमली. एडिथ ब्रेकनचा खांदा तीन वर्षं धरला होता. डोरोथिया लुंडची मान. दोघीही एकेकाळच्या पट्टीच्या नेमबाज, दुखण्यापायी मागे पडलेल्या. “ऑरिन, आमच्या रायफलीला पण असाच दस्ता बसवून देशील ना रे?” “तुझ्यासारखा हात कुणाचा नाही.” “आर्डिस नशीबवान, असा जावई मिळाला.”

इतकी स्तुती ऑरिनच्या वाट्याला आजवर आली नव्हती. तो फुलला. मापं घेतली, हातांची लांबी विचारली, हिवाळ्यातच करून देतो म्हणाला, काडतुसं पण भरून देतो म्हणाला. पास्टरने सगळ्यांदेखत त्याची पाठ थोपटली.

घरी जाताना गाडीत तो शीळ घालत होता. लव्हॉन खिडकीबाहेर बघत होती, बोटांवर काहीतरी मोजत.

“आई पहिली,” ती म्हणाली. “एडिथचा खांदा बरा झाला की ती दुसरी. डोरोथियाची मान सुटली की ती तिसरी.”

शीळ थांबली. थोडं अंतर कापल्यावर ऑरिनने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. समोर दूरवर नुसतं कापलेल्या गव्हाचं पिवळं रान पसरलं होतं.

“काय झालं?” लव्हॉनने विचारलं.

“काही नाही,” ऑरिन म्हणाला. “जरा बसू दे.”