पिठाच्या पोत्याची तालीम

"अहो, निदान अर्धं रिकामं तरी करून उचला," बायको म्हणाली.

घड्याळजींनी ऐकलं नाही. पलंग आणि कपाटामधल्या दोन हात जागेत त्यांनी तीस किलो पिठाच्या पोत्याला मिठी मारली. पोतं ढिम्म. जन्मभर घड्याळं दुरुस्त करताना चिमट्याने केसाएवढे काटे उचललेले हात ते.

कारण होतं सासूबाईंचं लोखंडी पायांचं शिवणयंत्र. बायको त्याच्या खडखडाटात लहानाची मोठी झाली होती. तिच्या भावाला ते हवं होतं दुकानात शोभेला. "वीस दिवसांनी मी घर बदलतेय," सासूबाई म्हणाल्या होत्या. "जो एकट्याने हे खाली उतरवेल, त्याचं. पहिली पाळी जावयाची." भाऊ दार अडवेल एवढा धिप्पाड. तरी घड्याळजी बोलून बसले, "मग आमचंच समजा."

घरात खाणारी तोंडं पाच. रोज किलोभर पीठ पोत्यातून निघायचं. सहाव्या दिवशी पोतं गुडघ्यापर्यंत आलं, बाराव्या दिवशी कमरेपर्यंत, अठराव्या दिवशी थेट खांद्यावर.

"पाहिलंस? ताकद म्हणजे निव्वळ सवय."

खरं काय ते दोनदा बायकोच्या ओठांवर आलं होतं. पण माणूस शीळ घालत होता, स्वतःचं ताट स्वतः घासत होता. तिने पोत्याचं तोंड निमूट त्यांच्यासारखीच गाठ मारून बांधलं.

तो दिवस उजाडला. सासूबाईंच्या घरी घड्याळजी यंत्राला भिडले. दोघंही थरथरले, जमीन कोणीच सोडली नाही.

"दाजी, चावी द्यायची राहिली का?" भाऊ म्हणाला.

वीस दिवस मी गप्प राहिले ते भोवलं, बायकोला वाटलं. ती जवळ जाऊन हळूच म्हणाली, "घड्याळ बिघडलं की अख्खंच्या अख्खं दुरुस्त करता का हो?"

घड्याळजींचा हात खिशातल्या स्क्रूड्रायव्हरकडे गेला. डोकं निराळं, फळी निराळी, पाय निराळे. डोकं उचललं, तर वजन सकाळच्या पोत्याएवढं. ते शीळ घालत जिना उतरले.

"आई, हे चालणार नाही. एका खेपेत न्यायला हवं."

"मी एकट्याने म्हटलं होतं. खेपा मोजायला मी काय हमाली देतेय?"

घड्याळजींच्या घरात यंत्राला जागा एकच होती, पलंग आणि कपाटाच्या मधली.

"आता मी व्यायाम कुठे करू?"

"तुम्हाला आता गरज काय?" सुई ओवत ती म्हणाली.

घड्याळजींना ते पटलं. दंड चाचपत ते दाराकडे निघाले. "तेही खरंच. शेजारच्यांना कपाट हलवायचंय. सांगून येतो, माणसं बोलावू नका म्हणून."

तिने ओवलेला दोरा परत काढला आणि ती चप्पल शोधायला लागली. शेजारचं कपाट निदान अर्धं रिकामं तरी करायला हवं होतं.