तेइझोचे नाकामा

स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढताना मित्सुएला त्याच्या पाठीमागे बाबांच्या अक्षरात एकच ओळ सापडली. "मी गेलो की फक्त नाकामांना कळवा. बाकी गर्दी नको."

बाबा, म्हणजे कुसाकाबे तेइझो, गुरुवारी न्यूमोनियाने गेले. उओझु बंदरात त्यांनी एक्केचाळीस वर्षं तोफू करून विकला, आणि दुकान बंद झाल्यावर बर्फाकडे बघत सहा वर्षं काढली. मित्सुए नागोयाला दातांच्या दवाखान्यात कामाला होती. ती नववर्षाला यायची आणि दोन दिवसांत परत जायची. बाबांच्या गोतावळ्यातलं तिला कोण माहीत असणार? नावं फोनमध्ये असतील म्हणून तिने तो उघडायचा प्रयत्न केला. बाबांची जन्मतारीख चालली नाही, आईचीही नाही. शेवटी जराशा लाजतच तिने स्वतःची टाकून पाहिली. तीही चुकली.

मग तिने डोकं चालवलं. बाबांच्या पिढीचे लोक धंद्यातल्या माणसांना नाकामा म्हणत. एका गावात एकच माल विकणारे, ते नाकामा. उओझुत आता तीनच तोफूवाले उरले होते. त्यातल्या सगळ्यांत थोरल्या नागुमोंना तिने फोन लावला.

"नागुमोकाका, मी कुसाकाबेंची मित्सुए. बाबा गेले."

"बरं," नागुमो म्हणाले. मागे सोयाबीन वाटायचं यंत्र घरघरत होतं. "मग मला कशाला सांगतेस?"

"त्यांनीच लिहून ठेवलंय. नाकामांना कळवा म्हणून."

यंत्र बंद झालं.

"कोणी लिहिलंय? तेइझोनं?"

"हो."

"मला नाकामा म्हणाला?" नागुमोंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "शुद्धीवर होता ना?"

त्यांचंही बरोबर होतं. शाळेच्या जेवणाला तोफू कोणी पुरवायचा यावरून एकोणीस वर्षांपूर्वी तेइझोचं तिघांशीही वाजलं होतं. तेव्हापासून ते रस्त्यात समोर आले की तेइझो पलीकडच्या फुटपाथवर जायचे. पलीकडे फुटपाथ नसला तर गटाराच्या कडेने जायचे.

रविवारी सकाळी नऊला अंत्यविधीसाठी तिघे म्हातारे काळे सूट घालून हजर झाले. बरोबर पांढऱ्या फुलांचं मोठं चक्र होतं आणि त्यावर पाटी, "तोफूवाले नाकामा, सर्वजण". पाटीवर नावं कोणत्या क्रमाने लिहायची यावरून वाटेत भांडण झालं होतं, म्हणून नावं लिहिलीच नव्हती. नागुमो तसबिरीसमोर गुडघ्यांवर बसले आणि त्यांचा आवाज फुटला.

"अरे, मनात होतं तर एकदा बोलायचं ना! एकोणीस वर्षं मी तुला नाही नाही ते बोललो. तुझ्या तोफूला साबण म्हणालो. आणि तू मला..." त्यांनी रुमाल तोंडाला लावला. मागच्या दोघांनीही रुमाल काढले. मित्सुएला वाटलं, चला, बाबांचं एक तरी काम आपल्या हातून नीट झालं.

अंत्यविधीच्या माणसाने तिला विचारलं होतं, की त्यांची काही आवडती वस्तू असेल तर वेदीवर ठेवू. घरात तसं काहीच नव्हतं. बाबा सारखा फोन हातात धरून असायचे, म्हणून तिने तोच तसबिरीशेजारी ठेवला होता. भिक्षूंनी घंटा वाजवली, सूत्रपठण सुरू झालं. साडेनऊ वाजले आणि वेदीवरून एका पोराचा कर्कश आवाज आला,

"नाकामा! जमा व्हा! आज जिंकायचंच!"

भिक्षू थांबले. तिघे म्हातारे तसबिरीकडे बघू लागले. मित्सुए धावली, फोनची रिंग बंद करायचं बटण समजून हिरव्या खुणेवर बोट दाबलं, आणि फोन बंद व्हायच्याऐवजी उचलला गेला, तोही स्पीकरवर.

"तोफूआजोबा! कुठे होतात?" एक मुलगी ओरडली. "चार दिवस झाले, उत्तर नाही! सुरू होतंय बघा, लावा टीव्ही!"

"कोण बोलतंय?" मित्सुएने विचारलं.

मुलगी गोंधळली. ती चिहाया, कुशिरोला कॉलेजात शिकणारी. तिच्याबरोबर फोनवर नागासाकीचा एक बसचालकही होता. दर रविवारी तेइझो धरून तिघे फोनवर एकत्र एकच कार्टून बघायचे, चार वर्षं झाली. मघाचा आवाज त्यातल्याच पोराचा. कधी भेटले मात्र नव्हते.

"आम्ही त्यांचे नाकामा," चिहाया म्हणाली. "पण तुम्ही?"

मित्सुएने सांगितलं. गुरुवारी, पहाटे, हॉस्पिटलात. पलीकडे नुसता टीव्हीचा आवाज येत राहिला. मग तोही कोणीतरी बंद केला.

नागुमोंनी चक्रावरची पाटी वाचली, फोनकडे बघितलं. चेहऱ्यावरचं रडू हळूहळू उतरलं.

"पोरी," ते फोनकडे वाकून म्हणाले, "तुमच्यात नाकामा म्हणजे काय गं?"

"म्हणजे... ज्याच्यासाठी जीव द्यायचा, तो."

"असं होय. आम्ही एकमेकांचा घ्यायला बसलो होतो." ते उठायला लागले. "चला रे. आपलं इथं काम नाही."

"थांबा," बसचालक एकदम म्हणाला. "हा आवाज... आजोबा याचीच नक्कल करायचे. तुम्ही नागुमो का? पाणचट तोफूवाले?"

नागुमो होते तिथे खाली बसले.

"सॉरी, आजोबांचा शब्द आहे. दर रविवारी जाहिरात लागली की तुमचीच गोष्ट असायची. शाळेचं प्रकरण आम्हाला पाठ आहे. ते दुसरे, वजनात मारणारे, तेही आलेत?"

मागच्या रांगेतून कोणीतरी खाकरलं.

"आणि माझा तळलेला तोफू?" नागुमोंचा आवाज बारीक झाला होता. "त्याबद्दल काही?"

"तळलेला त्यांच्यापेक्षा चांगला होता म्हणायचे," चिहाया म्हणाली. "पण कोणाला सांगू नका म्हणायचे."

नागुमोंनी नाक पुसलं. मित्सुएला राहवेना.

"आणि माझ्याबद्दल काय बोलायचे?"

"तुम्ही कोण, ते कळलं नाही अजून."

"मुलगी."

"आजोबांना मुलगी होती?" चिहायाने हळूच विचारलं.

बाहेर छपरावरून बर्फ घसरून पडला. मित्सुए चटईच्या किनारीकडे बघत राहिली.

"अगं, घरच्याला कोणी नाकामा म्हणतं का?" नागुमो घाईघाईने म्हणाले. "घरचं माणूस असतंच. नाकामा बाहेर हुडकावे लागतात." पण त्यांना सलग खोटं बोलायची सवय नव्हती. "तरी तुझं नाव काढायला हवं होतं त्यानं. तेवढं चुकलंच त्याचं."

तिने मान डोलावली. चुकलंच होतं. आणि ती तरी चार वर्षांत एकदा म्हणाली होती का, की बाबा, फोनमध्ये एवढं काय बघता?

"आजोबा आता कसे दिसतायत?" चिहायाने विचारलं.

नागुमो गुडघे दाबत उठले आणि शवपेटीच्या झाकणातल्या छोट्या खिडकीतून आत डोकावले.

"कसा दिसणार? तोंड वाकडं. भाव पटला नाही की असंच करायचा मेला."

मित्सुएला हसू फुटलं. थांबवायला गेली तर ते वाढलं, आणि मध्येच कधीतरी त्याचं रडू झालं, गुरुवारपासून न आलेलं. भिक्षू घंटेची काठी मांडीवर धरून बसून राहिले. ती शांत झाल्यावर त्यांनी विचारलं,

"सूत्र सोडलं तिथून पुढे म्हणू, की पहिल्यापासून घेऊ?"

मागच्या दोघांनी आशेने आपल्या अवघडलेल्या पायांकडे पाहिलं. नागुमोंनी फोन स्वतःच्या बसायच्या उशीवर ठेवला आणि शेजारी उघड्या चटईवर गुडघे टेकले.

"पहिल्यापासून घ्या. या पोरांनी कुठे ऐकलंय अजून."