लेण्यांकडे पाठ

आमचे दाजी लेणी बघायला जातात आणि लेण्यांकडे पाठ करून उभे राहतात. लोक आत भिंतीवरची चित्रं बघत असतात, तेव्हा दाजी दारात उभं राहून वरच्या कड्याला लटकलेली मोहोळं न्याहाळत असतात. गळ्यात शिट्टी, खांद्यावर घोंगडी. भर मे महिन्यातसुद्धा घोंगडी! कुणी आत बोलावलं की म्हणतात, "तुम्ही बघा, मी हाव."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. मूळचे हसनाबादचे, आता नवीन जालन्यात बियाण्यांच्या दुकानात असतात. आक्काला जुन्या नक्षीचं भारी वेड. लेण्याच्या छतावरची वेलबुट्टी डोळ्यांत साठवून आणायची आणि घरी अंगणात रांगोळीनं उतरवायची. म्हणून दर सुट्टीला दाजी तिला कुठल्यातरी किल्ल्यावर, नाहीतर लेण्यात घेऊन जातात. आक्काची तक्रार एकच: इतकी वर्षं सोबत हिंडलो, पण एक चित्र दोघांनी मिळून बघितलं नाही.

त्यांच्यासोबत निघायचं तर अब्रू घरी खुंटीला टांगूनच निघावं. दाजी पायऱ्यांवर अनोळखी माणसांना हुंगतात. हो, अक्षरशः हुंगतात. एकदा एका नव्या नवरदेवाच्या शर्टाला नाक लावून म्हणाले, "अत्तर लावलंय तुम्ही. माशायला वास लागला की आख्खं मोहोळ उठतंय. जावा, नळावर धुवून या." नवरी पदराआड हसत होती, नवरदेव माझ्याकडे बघत होता आणि मी या माणसाला ओळखतच नाही असं तोंड करून उभा होतो.

शहागडला तर कहर झाला. गोदावरीकाठी आक्का घाटाच्या दगडांवरून हात फिरवत होती. दाजी नदीच्या वरच्या अंगाला तोंड करून उभे, कारण पैठणच्या धरणातून पाणी सोडलं तर ते तिकडूनच येणार. खाली कुणाचातरी दहावा चालू होता. कावळा शिवेना म्हणून मंडळी ताटकळली होती. एकाएकी शिट्टी वाजली. "पाणी आलं! वर चला, जल्दी!" भाऊबंद पळाले, न्हावी पळाला, गुरुजी ओल्या धोतरानिशी सगळ्यांच्या पुढं. आलं काय, तर वळणाआडून पाण्यात उतरलेल्या म्हशी. माणसं पांगलेली बघून कावळे मात्र पिंडाला शिवून गेले, म्हणून आमचा मार चुकला. मी तोंडाला रुमाल बांधून गाडीत जाऊन बसलो. दाजी शांत. "फुकट पळाले तर लोक शिव्या देतेत. देऊ द्या ना. पळाले तर खरं!"

या सवयीचं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं. लग्नानंतर एका लेण्यात आक्काला माश्या चावल्या होत्या आणि दाजी धावत जाऊन मदत घेऊन आले होते. आक्कानंच ते सांगितलेलं. पुन्हा त्या लेण्यात मात्र दोघं कधी गेले नव्हते.

गेल्या दिवाळीत आक्का हट्टाला पेटली आणि आम्ही तिघं तिथं गेलो. दाजी दारात उभे राहिले. आक्का आत गेली आणि लगेच बाहेर आली.

"अहो, या बारीला तुम्ही बघा. मी राखते."

"न्हाई. तू बघ, मी हाव."

आक्कानं त्यांच्या खांद्यावरची घोंगडी ओढून स्वतःच्या खांद्यावर टाकली. दाजींचा चेहरा उतरला. बोलायचं होतं तिच्याशी, पण बोलले माझ्याशी.

"पाव्हणं, तवा मी बी चित्रच बघत व्हतो. थंडीची म्हणून एक घोंगडी नेल्ती दोघायला. माशा उठल्या आन् मी ती एकट्यानं पांघरून पळालो. मागं वळून बघितलं न्हाई. मदतीला गेल्तो, हे हिनंच सगळ्यायला सांगितलं. मी मंग गप राह्यलो."

मला कुठं बघावं कळेना. त्यांच्यापायी मी आजवर किती वेळा शरमलो होतो, पण त्या क्षणी त्यांच्या तोंडावर जी शरम होती तिच्यापुढं माझी सगळी लाज पोरकट वाटली.

"झालं सांगून?" आक्का म्हणाली. "आता वळा तिकडं." आणि ती कड्याकडे तोंड करून दारात उभी राहिली.

दाजी वळले. भिंतीवर रंग उडालेली एक राणी होती, शेजारी आरसा धरून दासी. दाजी बराच वेळ बघत राहिले. मग मान न वळवता, बारीक आवाजात विचारलं,

"तवा मला हाका मारल्या व्हत्या का गं तू?"

मला तेव्हाची, दवाखान्यातली आक्का आठवली. तोंड सुजलेलं होतंच, पण ओरडून ओरडून घसा असा बसला होता की आठवडाभर तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

"एक बी न्हाई," आक्का कड्यावरची नजर न काढता म्हणाली. "तुम्ही बघा निवांत."