पीठ पुन्हा जात्यात

"कुणाला पत्ताही लागणार नाही!" मास्तरांनी छातीठोक सांगितलं. उपदेशाच्या खोडीमुळे ऑफिसात त्यांना सगळे मास्तरच म्हणत. जावास्क्रिप्ट या संगणकभाषेतला जुना प्रकल्प एकेक फाईल करत टाइपस्क्रिप्ट या नव्या भाषेत न्यायचा. झोपलेलं बाळ या मांडीवरून त्या मांडीवर घ्यावं, तसा अलगद!

बाळ उठलं. पहिल्या दिवशी कंपाइल व्हायला, म्हणजे लिहिलेल्या फाईलींतून चालणारा तयार माल निघायला, पाण्याचा घोट पुरे. मग चहा लागू लागला. मग जेवण, वर डुलकी!

"मास्तर, हे कंपाइल होतंय की मुरतंय?" काम तपासणाऱ्या टेस्टरताईंनी विचारलं.

"ताई, तुमचं मशीन म्हातारं झालंय."

ऑफिसच्या प्रमुख मॅडमचं कोरं मशीन आणलं. त्याचा पंखा असा घोंघावला की टेबलावरचे कागद उठून बसले! मास्तर घाबरून पुन्हा पुन्हा कंपाइल करत, आणि दर खेपेला काम आणखीच रेंगाळे.

"दुपारी ग्राहक येतोय," मॅडम म्हणाल्या. "तोवर चाललं नाही, तर तुमचं टाइपस्क्रिप्ट गुंडाळा. टीमचं प्रमुखपदही त्यातच बांधा."

मास्तरांनी तयार मालाचा फोल्डर उघडला. आत तोच फोल्डर! त्याच्या आत पुन्हा तोच! त्याच्याही आत...

"अगं आई गं! ताई, हे मशीन आपलंच केलेलं पुन्हा करतंय!"

"म्हणजे दळलेलं पीठ परत जात्यात? रोज?"

"रोज! आणि रोज जास्त!"

मास्तरांनी तो फोल्डर पुसून टाकला. 'याला हात लावू नकोस' अशी तंबी मशीनला घाईघाईने लिहून दिली. पापणी लवायच्या आत कंपाइल! एकही चूक नाही! टाळ्या पडल्या. मास्तरांनी कॉलर नीट केली.

ग्राहक आला. दिवे मंद झाले. मास्तरांनी ऐटीत बटण दाबलं, आणि त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. त्या तंबीत तयार मालाबरोबर मूळ फाईलींचा फोल्डरही लिहिला गेला होता! जातं रिकामंच गरगरलं होतं. मशीनच्या हाती लागली होती ती पहिल्या दिवशी सहज गंमत म्हणून लिहिलेली, बाहेर विसरलेली एकुलती एक फाईल.

भल्यामोठ्या पडद्यावर दोनच शब्द उमटले: 'चालतंय का?'

ग्राहकाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"अहो," तो म्हणाला, "हेच विचारायला तर आम्ही आलोय!"