चौथ्या साहेबांचं जाकीट

"या सोमवारी दवाखान्याचं दार उघडणार म्हणजे उघडणारच," चहाचा कप खाली ठेवत इंजिनीअरबाईंनी घरात जाहीर केलं.

"कोणत्या बाजूला?" सासूबाईंनी विचारलं.

प्रश्न खोचक होता, पण चुकीचा नव्हता. दवाखान्याच्या तळमजल्यावर रुग्णांसाठी एक मोठं दार बसवायचं, एवढंच काम. पण नवा गडी, नवं राज्य! पहिल्या मॅनेजरसाहेबांनी दार डावीकडे काढलं आणि ते बढती घेऊन गेले. दुसऱ्या मॅडमनी ते बुजवून उजवीकडे काढलं आणि त्या दुसऱ्या कंपनीत गेल्या. तिसऱ्यांना दार मधोमध शोभून दिसेल असं वाटलं, आणि भिंत फोडून होते न होते तोच त्यांची बदली झाली. सुतारमामांनी तीच चौकट इतक्यांदा बसवली आणि काढली होती, की ती आता आपणहून उभी राहील असं ते म्हणत.

शेवटी दवाखान्याने बजावलं, की सोमवारी दार उघडलं नाही तर काम दुसऱ्या कंपनीला जाईल. म्हणजे बाईंची बदली एका गावाला, मामांची दुसऱ्या.

चौथे साहेब आले. भिंतीकडे बघून म्हणाले, "आधी आपण सगळं पहिल्यापासून बघू." मग केबिनमधल्या खुर्चीच्या पाठीला जाकीट अडकवून फोन घ्यायला बाहेर गेले, ते परत आलेच नाहीत. दुसरीकडे नोकरी लागली होती. राजीनामा त्यांनी मेलने पाठवला होता, पण मोठे साहेब मेल वाचत नसत. त्यासाठी ठेवलेला माणूसही नोकरी सोडून गेला होता.

"कळवू या का मोठ्या साहेबांना?" मामांनी विचारलं.

"कळवलं की पाचवे येतील," बाई म्हणाल्या. "चौकट मधेच राहू दे. बसवा."

दुपारी मोठे साहेब हजर. "मॅनेजर कुठेत?"

"आत्ता इथेच होते," मामा म्हणाले. जाकीट होतंच की.

दुसऱ्या दिवशी बाईंनी केबिनचा पंखा लावून ठेवला. धुरकट काचेपलीकडे जाकिटाची बाही हलली. मोठ्या साहेबांनी बाहेरूनच हात केला आणि खूश होऊन निघून गेले. "कामात आहे माणूस. नाहीतर आधीचे माझं डोकं खायचे."

बाईंचा जीव टांगणीला लागला होता, पण काम कधी नव्हे ते पुढे सरकत होतं. मधे कोणी म्हणून आडवं येत नव्हतं. बिजागऱ्या बसल्या, रंग झाला, वाळलासुद्धा.

सोमवारी दार उघडलं. चाकाच्या खुर्चीतल्या एक आजी पहिल्या आत गेल्या, न अडखळता, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत त्यांचं पुरं झालेलं हे पहिलंच काम होतं.

मोठ्या साहेबांनी पुष्पगुच्छ उचलला. "कुठेत आपले मॅनेजर? त्यांचा सत्कार करायचाय."

मामा छताकडे बघू लागले. बाई पुढे झाल्या. "साहेब, ते पहिल्याच दिवशी गेले. तुम्ही ज्याला हात करत होतात, ते त्यांचं जाकीट होतं."

मोठे साहेब बाईंकडे बघत राहिले, मग दाराकडे. दार उत्तम होतं. ते एवढ्या मोठ्याने हसले, की आजींनी आतून वळून पाहिलं.

"मग मॅनेजर आजपासून तुम्ही," ते म्हणाले, आणि पुष्पगुच्छ बाईंच्या हातात आला.

बाई ऐटीत केबिनमध्ये गेल्या. जाकीट उचलून कोपऱ्यात ठेवलं आणि खुर्चीत टेकल्या. सासूबाईंना फोन लावून झाला. मग धुरकट काच सरकवून त्यांनी दाराकडे पाहिलं. मान तिरकी करून पुन्हा पाहिलं.

"मामा, दार छानच झालंय हो. पण इथून बघताना वाटतं, जरासं डावीकडे..."

मामांनी कोपऱ्यातलं जाकीट उचललं, झटकलं आणि बाईंच्या खुर्चीला नीट अडकवलं.

"ताई, तुम्ही दमलात. घरी जाऊन आराम करा," ते म्हणाले. "इथलं साहेब बघतील."